गजरासाठी अडलेला कम्प्युटर

या मंडळी, जरा पुढे सरका, टाळ मांडीवर ठेवा. बाळकुमच्या श्रीपादची गोष्ट सांगतो. हसाल, पण हात जोडूनच उठाल.

घशाच्या ऑपरेशननंतर महिपतबुवा वर्षाने कीर्तनाला उभे राहणार होते. "मंडप रिकामा दिसला, तर पागोटं कायमचं खुंटीला," असं त्यांनी बजावलेलं. पत्रिका छापायचं श्रीपादने अंगावर घेतलं. घरात नवा कम्प्युटर आलेला ना! आदल्या दिवशी त्याने लिहिलेला छपाईचा प्रोग्रॅम झकास चालला होता, तारीख तेवढी हाताने घालावी लागे. कीर्तनाच्या दिवशी सकाळी त्याने तेही सुधारलं. आता प्रोग्रॅम मध्येच थांबून डॉसला, म्हणजे कम्प्युटर चालवणाऱ्या मूळ यंत्रणेला, हाक मारणार, "आजची तारीख काय?" डॉस जे बोलेल ते पडद्याऐवजी फाइलीत पडणार आणि डॉसचं आटोपलं की प्रोग्रॅम पुढे चालणार.

हाक गेली. पडदा काळाच. बंद करून पुन्हा सुरू केला, तरी काळाच.

"हाताने लिहिल्या असत्या तर एव्हाना वाटून झाल्या असत्या," त्याची बायको मंदाकिनी म्हणाली.

"अगं, काम करतोय तो. कुणी हात लावू नका!"

दुपार झाली. कोळीवाड्यात वाटायच्या पत्रिका न्यायला शेजारची दगडाबाई आली.

"काय रं शिरपाद, डबा रुसला का तुजा?"

तिने बाजारातल्या आवाजात ही बातमी गावभर केली. रुसलेला डबा बघायला माणसं लोटली. कुणी उदबत्ती लावली, कुणी नारळ आणला.

संध्याकाळी खुद्द बुवा आले. काखेत पिशवी, पिशवीत पागोटं.

"एकही पत्रिका गेली नाही ना, श्रीपादराव? ही गर्दी तर डब्याची, कीर्तनाला कोण येणार? राहू द्या."

मंदाकिनी पुढे झाली. "बुवा, आलाच आहात तर एक गजर तरी द्या."

बुवांनी डोळे मिटले. आवाज कापरा होता. "बोला, पुंडलिक वरदेऽऽ" म्हणून रिवाजाप्रमाणे थांबले. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला.

"हारी विठ्ठऽऽल!" दगडाबाईने दोन्ही हात उंचावले, आणि खाली येताना एक पंजा थेट एंटरच्या बटणावर आदळला.

प्रिंटर किंचाळत सुटला.

श्रीपादने फाइल उघडून बघितली आणि कपाळावर हात मारला. "तारीख सांगून डॉसने उलट विचारलेलं, बदलायची आहे का? तो प्रश्नही फाइलीत गेला, मला दिसणार कुठून? बिचारा सकाळपासून एका एंटरसाठी ताटकळला!"

"मग आमच्याच पंथाचा की," बुवा हसले. "गजराला ओ आल्याशिवाय मीही पुढे जात नाही."

श्रीपाद पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दाराकडे धावला आणि उंबऱ्यातच थबकला. ओटी, अंगण, पार गल्लीच्या तोंडापर्यंत माणसंच माणसं, डबा बघायला आलेली ती गजराला थांबलेली.

"आता वाटू कुणाला?"

"द्या इकडे," मंदाकिनीने गठ्ठा काढून घेतला. "प्रसादाचा शिरा वाटायला कागद हवेच होते."

तोवर बुवांनी पागोटं चढवलं होतं.

तर मंडळी, पुढच्या खेपेला बुवा गजराला थांबले की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका. दगडाबाईची आठवण ठेवा, आणि पहिला आवाज तुमचा येऊ द्या.