भरिताची निर्दोष सुटका

भिका नानांच्या छातीत जळजळ सुरू झाली आणि सगळ्यांनी त्यांच्या बायकोच्या, तानुबाईच्या भरिताकडे बोट दाखवलं. मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी तिच्या माहेरची, जळगावची, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजली तिनंच. धुळ्याला देवपूरच्या दवाखान्यात नानांच्या रक्ताचा पहिला रिपोर्ट चांगला आला, तेव्हा तर तिचे दीर, चिंधाभाऊ, निवाडाच देऊन मोकळे झाले.

"वहिनी, जळगावनी वांगी धुळानी छातीले सोसत नही!"

"मनं भरीत खाईसन आजलोंग कोनी आडवं पडनं नही, भाऊ."

पण बातमी गावात पोचली होती. मागून-मागून भरीत खाल्लेल्यांनाही आता जळजळू लागलं. टेम्पो भरून मंडळी आली. आधी नानांना बघायला, मग स्वतःला दाखवायला.

नाना चपला शोधू लागले. "चाल वं घर. रगत साफ शे."

"नाना, थांबा," डॉक्टर मेघा म्हणाल्या. "हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण लगेच दिसत नाही. तीन तासांनी परत तपासू. आकडा वाढतो का ते बघायचं."

"कसाले? भरीतच शे ते," चिंधाभाऊ म्हणाले.

तानुबाईनं नानांच्या चपला पिशवीत कोंबल्या आणि पिशवीवर बसली. "मना भरीतना फैसला व्हस नही तवलोंग कोनी हालानं नही!"

दुसऱ्या तपासणीत आकडा चांगलाच चढला.

"हे हृदयाचंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लगेच अँजिओग्राफी करू. घरी गेला असतात तर कठीण होतं."

तानुबाई ताडकन उठली. "आयकं का भाऊ? हृदय शे! भरीत नही!" बाहेरच्या मंडळींनाही तिनं तेच ठणकावलं. टेम्पोतली जळजळ जागच्या जागी बरी झाली. मग तिनं माहेरी, धाकट्या बहिणीला फोन लावला. "भरीत सुटनं वं!"

"आन् दाजी?"

 तानुबाई भिंत धरून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

स्टेंट बसला. नाना वॉर्डात आले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते उशीला टेकून, मान ताठ करून सांगत, "हाई आडी बसनी म्हनीसन मी वाचनू. नही ते घरच जायेल व्हतू."

तानुबाई उगाच चादर सारखी करत राही.

शेवटी चिंधाभाऊंनी हळूच विचारलं, "वहिनी, परत भरीत कव्हय?"

"आधी रगत तपासी या, भाऊ," तानुबाई म्हणाली. "दोनदा."