खरोखर एक जून

"शाळा आणि मी, आम्ही जुळी भावंडं!"

राजशेखर सरांचं हे वाक्य कवठीच्या माळावरच्या प्रशालेत पोरांना पानिपतच्या सालाआधी पाठ व्हायचं. सर इतिहास शिकवत. विषय हडप्पाचा असो की दुसऱ्या महायुद्धाचा, गाडी फिरून फिरून एक जून एकोणीसशे चौऱ्याहत्तरवर यायचीच. त्या दिवशी सोलापूरच्या हद्दीवरच्या या माळावर, एका पत्र्याच्या शेडात, तेवीस पोरं घेऊन ही सरकारी शाळा सुरू झाली. आणि त्याच दिवशी, त्याच वस्तीत, शिवम्माच्या पोटी राजशेखर जन्माला आले. याच शाळेत शिकले, इथंच मास्तर झाले. "याला योगायोग म्हणू नका," सर बोट वर करून सांगत, "याला इतिहास म्हणतात!"

आता एक जून ही तारीख म्हणजे आपल्याकडे काय चीज आहे, हे कुणाला ठाऊक नाही? पोराला शाळेत आणलं, गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आई म्हणाली, "ज्वारी काढायच्या वक्ताला झाला," की गुरुजी 'एक जून' लिहून मोकळे! शाळा उघडायचा महिना, हिशेबाला सोयीचा. अशी निम्मी वस्ती एक जूनची. हे राजशेखर सरांनाही ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की बाकीच्यांची एक जून गुरुजींनी लावलेली आणि आपली मात्र अस्सल! लहानपणी त्यांनी आईला विचारलं होतं, "अव्वा, माझी एक जूनच ना गं?" आई भाकरी थापता थापता म्हणाली होती, "व्हय, शाळंत तेच हाय की." यातलं 'व्हय' तेवढं सरांनी ऐकलं आणि पुढची चाळीस वर्षं जपून ठेवलं.

तर यंदा शाळेचा सुवर्णमहोत्सव. मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडमनी सगळा कार्यक्रम सरांवर सोपवला आणि सर जे सुटले! स्मरणिका त्यांनी एकट्यानं लिहिली. शेडाची इमारत कशी झाली, दहावीचा वर्ग कधी मिळाला, लेझीम पथकानं जिल्ह्यात ढाल कशी मारली, विज्ञान प्रदर्शनात कुणाचा ज्वालामुखी खरंच पेटला आणि टेबलक्लॉथ जळाला, चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांच्या पोरी कशा इंजिनियर झाल्या, सगळं आलं. मुखपृष्ठावर डावीकडे शाळेचा फोटो, उजवीकडे सरांचा आणि मध्ये ठळक अक्षरांत 'जुळी भावंडं'. सरांचा फोटो शाळेपेक्षा किंचित मोठा आला होता, पण तो छापखान्याचा दोष.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण एका सकाळी सर मॅडमच्या खोलीत घुसले.

"मॅडम, कल्पना! ज्या माजी विद्यार्थ्यांचा वाढदिवस शाळेबरोबर येतो, त्यांचा सत्कार करायचा! सोलापुरी चादर आणि नारळ! आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे तुमची हरकत नसेल तर, माझाही!"

मॅडमचा चहा ओठाशीच थांबला. "अहो सर, निम्मा माळ एक जूनचा आहे!"

"म्हणूनच निमंत्रणात एक शब्द घातलाय. 'खरोखर'! 'ज्यांचा जन्म खरोखर एक जून रोजी झाला आहे, त्यांनीच यावे.' आता येतील ते अस्सल!"

"किती येतील?"

सरांनी गणिताच्या शिक्षकांकडून उत्तर काढूनच आणलं होतं. शाळेतून आजवर बाहेर पडले तीनेक हजार, भागिले तीनशे पासष्ट. "आठ! आपण दहा चादरी आणू. दोन अडीअडचणीला."

शाळेचं जनरल रजिस्टर उघडून बघावं असं सरांना एकदाही वाटलं नाही. जुन्या रजिस्टरच्या धुळीनं त्यांना शिंका येत. इतिहासाच्या माणसाला धूळ सोसत नाही, हे शाळेचं दुर्दैव.

एक जून उजाडला. सरांनी फाटकातच टेबल टाकलं आणि अस्सल माणसं पारखायला बसले. पहिला आला बसवराज. भवानी पेठेत त्याचे यंत्रमाग होते, टॉवेल काढायचा. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बायको-पोरांसकट आला होता.

"बसवराज, तुझा जन्म खरोखर एक जूनचा?"

"सर, आधारवर एक जून, पॅनवर एक जून, लायसनवर एक जून! आता यमानं इचारलं तरी एक जूनच सांगणार!"

सरांनी त्याला आत सोडला. मागोमाग मंद्रूपहून मोटारसायकलवर दोघे भाऊ आले, सिद्धाराम आणि शिवू. सरांनी नाक रुमालानं दाबून रजिस्टर उघडलं. दोघांचीही तारीख एक जून आणि साल तेच!

"वा! तुम्ही जुळे?"

"न्हाई सर," सिद्धाराम म्हणाला, "ह्यो माज्यापेक्षा दोन वर्सांनी बारका हाय."

"मग साल एकच कसं?"

"आप्पानं दोगांला एकाच दिवशी आणून सोडलं की!"

"बरं, मग तुमच्यातला खरोखर कोण?"

"मी!" दोघे एकदमच ओरडले आणि तिथंच जुंपली. शेवटी दोघांनाही आत सोडावं लागलं, नाहीतर सुवर्णमहोत्सवाचं उद्घाटन कुस्तीनं झालं असतं.

तोवर फाटकाबाहेर बघतात तर काय! गाड्या, रिक्षा, एमआयडीसीतून भरून आलेला एक टेम्पो! नातवंडांना कडेवर घेतलेल्या आज्या, सुट्टी टाकून आलेले कंडक्टर, एक फौजदार! अंगणवाडीच्या मुक्ताबाई नवऱ्याला दंडाला धरून पुढं घुसल्या. "सर, मी बी एक जून आणि हे बी एक जून! न्हाईतर पत्रिका जुळली असती व्हय?"

दहा वाजता लेझीमच्या सरांनी माणसं मोजली. दोनशे अकरा.

"सर," धनलक्ष्मी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आठ म्हणाला होतात."

"मॅडम, गणित बरोबर आहे. माणसं चुकलीत!"

मग सरांनी माइक धरला. "बंधुभगिनींनो! ज्यांची एक जून गुरुजींनी लावलेली आहे, त्यांनी प्रामाणिकपणे मागच्या रांगेत बसावं!" कुणी हललं नाही. उलट मागचे तिघे उठून पुढं आले! प्रत्येक जण शेजाऱ्याकडे असा बघत होता, जणू हाच तो लावलेला. सरांना सगळ्यांचा मनस्वी राग आला. माणसानं स्वतःला इतकं फसवावं?

अब्रू वाचवली ती बसवराजनं. तो सरांच्या कानाशी लागला, "सर, घाबरू नका. ह्या शाळेनं मला शिकवलंय. मी माल मागवतो." अर्ध्या तासात भवानी पेठेतून टॉवेलांचे गठ्ठे आले. नऊ चादरी सगळ्यात वयस्कर नऊ जणांना, बाकीच्यांना टॉवेल. नारळ दहाच, म्हणून ते फोडून खोबरं वाटलं. लेझीम घुमली, जुन्या आठवणी निघाल्या, छडी खाल्लेले आणि न खाल्लेले गळ्यात गळे घालून बसले. प्रत्येकाच्या खांद्यावर नवा टॉवेल. सगळं मैदान नुकतंच आंघोळ करून आल्यासारखं दिसत होतं. आणि खुशीत होतं, अगदी खुशीत!

दहावी चादर सरांनी बाजूला ठेवली होती. ती कुणाची, हे सांगायला नको.

शाळेचे पहिले शिक्षक सोमलिंग गुरुजी प्रमुख पाहुणे होते. पंचाहत्तरी गाठलेली, पण पाठ ताठ. त्यांच्या हस्ते चादर घ्यायची आणि आईनं शेजारी उभं राहायचं, असा सरांचा बेत. हा क्षण त्यांनी मनात किती वर्षं घोळवला होता! शिवम्मा पदर सावरत व्यासपीठावर आल्या. इथं सरांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्यांनी आईच्या हातात माइक दिला.

"अव्वा, सांग सगळ्यांना! माझा जन्म कधीचा?"

शिवम्मांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींसमोर खोटं बोलायचं नसतं, एवढं त्यांना शाळेत न जाताही माहीत होतं.

"गड्ड्याच्या जत्रंतला," त्या म्हणाल्या. "थंडी मरणाची. सुईण जत्रंला गेलेली, तुझ्या आप्पानं तिला गर्दीतनं हुडकून आणली."

गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, ऐन संक्रांतीतली. संक्रांत म्हणजे जानेवारी!

"पण... पण साल तरी तेच ना? शाळेआधी की नंतर?"

"नंतर की! शाळंचे पत्रे वाऱ्यानं वाजायचे, आन् तू झोपायचा न्हाईस."

आणि मग हशा उसळला तो माळाच्या पार टोकापर्यंत! मॅडम हळूच म्हणाल्या, "म्हणजे सर, तुम्ही सात महिने आधीच रिटायर होणार!" सरांचं तिकडे लक्षही नव्हतं. समोर पाचशे स्मरणिका हलत होत्या. उन्हाच्या काहिलीत लोक त्यांनीच वारा घेत होते. पाचशे वेळा 'जुळी भावंडं' वर आणि खाली! सरांना खरंच वाईट वाटलं. सख्खं भावंड भर सभेत परकं झालं होतं. आणि मघाशी ज्यांचा राग आला होता, ते दोनशे अकरा जण आता आपल्यासारखेच आहेत, हे कळून आणखी लाज वाटली.

तेव्हा सोमलिंग गुरुजींनी माइक घेतला.

"राजशेखर, मान वर कर. शाळेची तरी एक जून कुठं खरी आहे? मी इथं आलो, शेड मिळवलं, घरोघर फिरून पोरं गोळा केली, यात नागपंचमी उलटून गेली. पुढं वरून कागद आला, स्थापनेची तारीख कळवा. मला काही आठवेना. लिहिलं एक जून!" गुरुजी गालात हसले. "तुझी तारीख आणि शाळेची तारीख एकाच दौतीतली. भावंडं नाही तर कोण तुम्ही?"

टाळ्या! असल्या टाळ्या शाळेनं ढाल आणली तेव्हाही पडल्या नव्हत्या. गुरुजींनी सरांच्या खांद्यावर चादर घातली आणि सरांचे डोळे भरून आले. बसवराजनं टॉवेल पुढं केला.

इथं कार्यक्रम संपायला हवा होता. पण माइक अजून शिवम्मांच्या आवाक्यात होता.

"गुरुजी, एक इचारू का? सहा वर्सं भरली न्हवती, तर तुमी ह्याला पैलीत घेतलाच कसा?"

त्या काळी वयाची परीक्षा एकच होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पहिलीत, नाहीतर पुढच्या वर्षी या.

"नव्हता लागला कान," गुरुजींनी कबूल केलं. "पण हा पायरीवरून उठेचना! रडून रडून शेड डोक्यावर घेतलं. म्हणून सात महिने वाढवून लिहिले."

"आता लागतो का बघा की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि दोनशे अकरा जणांनी उचलून धरलं.

राजशेखर सरांनी चादर सावरली, छाती पुढं काढली आणि उजवा हात वर उचलला. पंचवीस वर्षं फळ्यावर लिहून तो खांदा आखडलेला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं, पण उशिरा. हात टकलापर्यंत गेला. टक्कल ओलांडून थोडा पलीकडे गेला. तिथं थांबला.

"अजून थोडं, सर!" सिद्धाराम ओरडला. "जोर लावा!" शिवूनं साथ दिली.

सरांनी दात-ओठ खाल्ले, मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली. बोटं कपाळाच्या कडेला चाचपडत राहिली.

शिवम्मांनी जवळ जाऊन नीट पाहिलं, मान हलवली आणि गुरुजींना हात जोडले.

"न्हाई लागत, गुरुजी. पुढल्या वर्सी आणते ह्याला!"