बायनाबाईंचा मुका नवस

नवस बोलायचा आपण आणि फेडायचा दुसऱ्यानं, ही वाटूरच्या बायनाबाईंची जुनी रीत. (देवाला काय, फिटल्याशी मतलब.) मुलगा बिभीषण दहावी सुटावा म्हणून त्यांनी खंडोबाला नवस केला, तेव्हा अनवाणी चालत गेले ते त्यांचे मालक, बिरूअण्णा. म्हैस दुखण्यातून उठली, तेव्हा डोकं भादरलं ते बिभीषणाचं. दोघांनाही नवसाची खबर अख्ख्या गावानंतर, फेडायच्या दिवशीच लागली.

पण सून शिवकन्या जालन्याला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करू लागली आणि परीक्षा तोंडावर आली, तेव्हा बायनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सगळा नवस स्वतःच्या अंगावर घेतला. परीक्षेच्या दिवशी निकाल कानी पडेपर्यंत पोटात अन्नाचा कण नाही आणि तोंडातून शब्द नाही! सांगितला तर नवसाचं बळ जातं, म्हणून ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. (हेही आयुष्यात पहिल्यांदाच.)

कारणही तसंच होतं. पास झाली तर शिवकन्येला दवाखान्यात नोकरी ठरलेली. नाही झाली तर बिभीषणानं आधीच बजावलं होतं, "एकच डाव बसायचं. मंग सोयाबीन अन् आपण."

पोरीनं मेहनतही तशीच केली. सरावाला हक्काचे पेशंट बिरूअण्णा. एक दिवस त्यांच्या डोक्याला पट्टी, हात झोळीत, असं सगळं बांधून झालं आणि अण्णा तसेच फाट्यावर चहाला गेले.

"अण्णा, कुठं पडले?"

"पडलो न्हाई रे. सून शिकून राह्यली."

कोण विश्वास ठेवतो? संध्याकाळपर्यंत अर्धं गाव भेटायला आलं. बिस्किटांचे पुडे तेवढे अण्णांनी ठेवून घेतले.

परीक्षेला प्रत्येकीनं घरचं एक माणूस पेशंट म्हणून आणायचं होतं. अण्णांनी त्यासाठी धोतर धुऊन ठेवलं होतं. आणि नेमका त्याच सकाळी त्यांना ताप भरला. खोटं आजारी पडायला निघालेला माणूस खराखुरा आजारी पडला!

"माय, तूच जा," बिभीषण म्हणाला. "मी अण्णापाशी थांबतो. तुला नुसतं पडून तर राहायचंय."

बायनाबाईंचं मौन पहाटेच सुरू झालेलं. त्यांनी मान हलवली. कपाळाला ताजा भंडारा लावला, चिमूटभर मुठीत धरला आणि बसमध्ये चढल्या. शिवकन्या रस्ताभर स्वतःशीच धडे घोकत होती, त्यामुळे सासू गप्प आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

परीक्षेला वंदना मॅडम होत्या. त्यांनी खाटेवरच्या बायनाबाईंना विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

आजी गप्प.

"ऐकू येतं ना?"

आजींनी मान डोलावली. शिवकन्या खाटेजवळ सरकली. जिच्या बोलण्याला कंटाळून लोक एक थांबा आधी उतरायचे, ती सासू मुकी? तिनं शिकलेलं सगळं आठवलं.

"आत्या, हसून दाखवा बरं."

आत्या हसल्या.

"दोन्ही हात वर करा."

बायनाबाईंनी हात वर केले आणि सवयीनं खंडोबाला जोडूनच टाकले.

"लकवा न्हाई, मॅडम," घाम पुसत शिवकन्या म्हणाली.

"छान. आता पेशंटला भरव."

वाफाळलेली खिचडी आली. वरून तुपाची धार. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या एका पोरीच्या पेशंट होत्या, त्या गोजरबाईंनी वाटी कधीच साफ केली होती आणि त्या लोणचं मागत होत्या. बायनाबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"आत्या, एकच घास. माझ्यासाठी."

बायनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खाल्लं तर पोर देवाकडून नापास, न खाल्लं तर मॅडमकडून! त्यांनी वर पाहून खंडोबाला कौल मागितला. वर नुसता पंखा फिरत होता. त्यांनी मान हलवली. नको.

चमचा हवेतच थांबला. शिवकन्येला कपाळावरचा भंडारा दिसला, मग मिटलेली मूठ दिसली. त्याच घरात नांदणारी ती, काय समजायचं ते समजली. तिनं वाटी बाजूला ठेवली आणि सासूच्या डोक्याखालची उशी सारखी केली.

"मॅडम, पेशंट पूर्ण शुद्धीवर हाये. मानेनं नको म्हणून राह्यली. जबरदस्ती करायची न्हाई. मी सिस्टरला कळवते, अन् थोड्या वेळानं पुन्हा विचारते."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "सकाळपासून सगळे पेशंट खातच सुटलेत. घास नाकारला तर काय करायचं, हे विचारायला मला संधीच मिळेना. पास! आणि आजी, काय ॲक्टिंग केली हो!"

'पास' शब्द कानावर पडला आणि बायनाबाईंना वाचा फुटली.

"बाई, ती खिचडी तशीच हाये ना? अन् लोणचं आण जरा."

खिचडीमागून जे बोलणं सुरू झालं, ते थेट वाटूरच्या फाट्यापर्यंत.

आता शिवकन्या ड्यूटीवर जाते आणि बायनाबाई स्वतः भाकरी थापत येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगतात, "सुनेला शिकवा, अन् नवस सोताच्या अंगावर घ्या."

तर बायांनो, तुम्हीही असाच एक नवस बोला, आणि जमलं तर मौनाचाच बोला. बिरूअण्णांचीही हीच विनंती आहे. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात तेवढी एकच सकाळ शांत गेली, आणि नेमकी तीच त्यांनी तापाच्या ग्लानीत घालवली.