आडवा सात आणि शेकरूबाईचा उंबर

ऐक ना, हातातलं ठेव बाजूला. काय झालंय ते आधी ऐक, मग तुझं सांग. नीट मांडी घालून बस. पाणीबिणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घे, मध्ये उठायचं नाही.

तर, एका जंगलात उन्हाळा लागला होता.

सागाची पानं गळली. ओढे आटले. हिरवी झाडं उरली ती फक्त डोहाकाठी. झाडं होती थोडी आणि ती मागणारे होते सगळे.

पूर्वी महाराज, म्हणजे सिंह, दर उन्हाळ्यात सरळ सांगायचे, हे झाड याचं, ते त्याचं. मग भांडणं व्हायची आणि महाराजांची दुपारची झोप मोडायची. म्हणून त्यांनी पद्धत बदलली. यादी सांगायचीच नाही. यादीचं शब्दकोडं करायचं, तेही गूढ, आणि प्रजेनेच ते सोडवायचं. प्रत्येक उत्तरामागे एक झाड ठरलेलं, ज्याचं नाव उत्तरात निघेल त्याला ते झाड. आपणच काढलेलं उत्तर असलं की कोणी भांडत नाही. हे खरंय हां, घरी करून बघ.

कोडं साळुंकी बनवायची. कातळावर चौकटी आखायची, खाली क्लू लिहायची आणि बाजूला बसायची. सगळ्या चौकटी भरून हजेरी होईपर्यंत तिने चोच उघडायची नाही, हा नियम. आणि कोड्याला एक थीम असायची. म्हणजे सगळ्या उत्तरांमध्ये एक समान धागा. तो सांगायचा नसतो, सोडवणाऱ्याने ओळखायचा असतो.

सोडवायला बसायचे अप्पा हत्ती. अप्पा जंगलातले सगळ्यात ज्येष्ठ. बाकीचे कोळशाने लिहायचे, म्हणजे चुकलं तर पुसता येतं. अप्पा लिहायचे बिब्ब्याने. बिब्ब्याचा डाग माहितीये ना? कापड फाटतं पण डाग जात नाही. अप्पांचं म्हणणं असं, की कोळशाने लिहितो त्याचा स्वतःवर विश्वास नसतो. आणि अप्पांनी लिहिलेलं खोडायचं नाही, हा जंगलातला रिवाज.

अप्पांच्या बाजूला कोल्हा बसायचा. 'वा' म्हणायला.

पहिलं उत्तर निघालं घुबड. दुसरं निघालं वटवाघूळ. अप्पांनी सोंड कपाळाला लावली.

"मिळाली थीम," ते म्हणाले. "रात्री जागणारे."

"वा," कोल्हा म्हणाला.

अप्पांनी कातळाच्या डोक्यावर बिब्ब्याने लिहून टाकलं, रात्री जागणारे.

आता घुबड आणि वटवाघूळ झाडावरही राहतात. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या वेळी सगळे झाडाखाली बसले होते.

मग आला आडवा सात, उंबराचा. क्लू असा होता: 'स्वतः पुढच्या फांदीवर, शेपूट अजून मागच्या फांदीवर. जमिनीला पाय लावत नाही. तीन अक्षरं.'

वर उंबरावर शेकरूबाई होती. उंबर तिचाच, म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत तरी. फांद्यांच्या बेचक्यात तिचं घरटं, घरट्यात दोन पिल्लं, पिल्लांचे डोळे अजून मिटलेले. ती खोडावरून उलटी खाली आली.

"अप्पा, ते मी आहे," ती म्हणाली. "शेकरू. तीन अक्षरं."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. शेपटीकडे पाहिलं. ती अजून वरच्या फांदीवर होती.

"तू रात्री काय करतेस?"

"झोपते."

"मग कशी असशील तू? थीममध्ये बसत नाहीस."

"पण क्लू माझाच आहे."

"क्लू तुझा असेल गं बाई. थीम तुझी नाही."

"वा," कोल्हा म्हणाला.

अप्पांनी विचार करून लिहिलं, तरस.

"तरस कुठून आला मध्येच?" शेकरूबाई म्हणाली. "तो जमिनीवरच चालतो की."

"आपल्या जंगलात जमिनीवर कधी तरसाचा पाय पाहिलायस?"

"नाही. आपल्याकडे तरस नाहीच आहे."

"मग? जमिनीला पाय लावत नाही. बसलं का?"

बसलं. तुला कळलं ना कसं बसलं? मला पण नाही कळलं, पण बसलं.

आता या 'तरस'मधल्या 'र' वरून एक उभा शब्द खाली जात होता. त्याचा क्लू: 'घरटं असं विणतो की खालून अंडी मोजून घ्यावीत.' उत्तर शेंबड्या पोरालाही आलं असतं. कवडा. पण आता पहिलं अक्षर 'र' पडलेलं.

"रवडा," अप्पा म्हणाले आणि लिहिलं.

कवडा शेजारच्या करंजावर बसला होता. "रवडा कोण?" त्याने विचारलं.

"पक्षी आहे," कोल्हा म्हणाला. "फक्त रात्री फिरतो, म्हणून कोणाला दिसत नाही."

"बघा, हाही थीममध्ये बसला," अप्पा म्हणाले.

कवड्याने शेकरूबाईसारखा वाद घातला नाही. तो बायकोला म्हणाला, "ऐकलंस? आजपासून आपण रवडे."

चौकटी भरल्या. अप्पांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"घुबड."

"हजर," घुबड डोळे न उघडता म्हणालं.

"वटवाघूळ."

"हजर."

"रवडा."

"हजर, हजर," कवडा म्हणाला.

"तरस."

अप्पांनी परत पुकारलं. मग म्हणाले, "ठीक आहे. उंबर रिकामा राहील. तरस आला कधी, तर त्याची गैरसोय नको. शेकरूबाई, तेवढं घरटं उचल."

शेकरूबाईने वर पाहिलं. बाकीच्या रानात सावली नव्हती आणि आकाशात घार होती. उघड्या सागावर मिटल्या डोळ्यांची पिल्लं म्हणजे ताटात वाढल्यासारखीच.

"हजर," शेकरूबाई म्हणाली.

कोल्ह्याने कान टवकारले. "आवाज तरसाचा वाटत नाही."

"सर्दी झालीये."

"रात्री जागतेस?" अप्पांनी विचारलं.

"पिल्लं झाल्यापासून डोळ्याला डोळा लागला नाही."

"मघाशी झोपते म्हणालीस."

"ते शेकरूचं सांगत होते."

अप्पांना हे पटलं. उंबर तरसाला मिळाला. आता म्हणशील, चला, सुटली बिचारी. मला पण तेच वाटलं होतं. थांब जरा.

हजेरी संपली आणि साळुंकीने चोच उघडली. आता तिला परवानगी होती. तिने महाराजांनी ठरवलेली उत्तरं वाचून दाखवली. थीम, झाडावर राहणारे. आडवा सात, शेकरू. त्यातल्या 'क' वरून खाली कवडा.

सगळे कातळाकडे बघायला लागले. कातळावर बिब्बा होता.

अप्पांनी परत सोंड कपाळाला लावली.

"कोड्यात चूक आहे," ते म्हणाले.

"वा," कोल्हा म्हणाला.

पण अप्पा कायद्याने चालणारे. "तरीही महाराजांचा शब्द तो शब्द. उंबर शेकरूचा. तरसबाई, खाली उतरा."

"अप्पा, मीच शेकरू आहे."

"मघाशी हजर कोण म्हणालं?"

"मी."

"कोणाच्या नावाला?"

"तरसाच्या. पण तुम्हीच माझं नाव घेतलं नाहीत म्हणून—"

"दुसऱ्याच्या झाडावर घर करून बसायला काहीच कसं वाटत नाही गं?" कोल्हा म्हणाला. "तिकडे ते शेकरू बिचारं उन्हात कुठे वणवण फिरत असेल."

शेजारच्या करंजावरून रवडा केव्हाच उडून गेला होता. त्याचं घरटं म्हणजे चार काड्या. कुठेही जाऊन टाकता येतात.

"मी खाली उतरते," शेकरूबाई म्हणाली, "आणि शेकरू म्हणून परत चढते. मग तर चालेल?"

अप्पांनी कोल्ह्याकडे पाहिलं.

"तरसाला झाडावर चढता येत नाही," कोल्हा म्हणाला. "हे ती मघाशी स्वतःच म्हणाली. सगळे साक्षीला आहेत."

ती तसं म्हणाली नव्हती, 'तो जमिनीवरच चालतो' एवढंच म्हणाली होती. पण सगळ्यांनी माना हलवल्या, कारण जेवायची वेळ झाली होती.

अप्पा मनाने वाईट नाहीत हां. निघताना ते उंबराखाली थांबले. सोंड वर करून हळू आवाजात म्हणाले, "ऊन उतरलं की निघ. घाई नाही. आणि वाटेत शेकरू भेटलं तर सांग त्याला, झाड मोकळं झालंय, लवकर ये म्हणावं."

"सांगते," शेकरूबाई म्हणाली. आणि तिने पहिलं पिल्लू तोंडात धरलं.

तात्पर्य : उत्तर चुकीचं असलं तरी चालतं, ते बिब्ब्याने लिहिलेलं असावं. आणि उत्तर बरोबर असलं तर आपलं सामान आधीच बांधून ठेवावं.

आता तू बोल. वर घार, घरट्यात पिल्लं, आणि खालून अप्पांनी पुकारलंय, "तरस." तू काय केलं असतंस?