लिंबाच्या कुंडीतलं वाळकं पान

श्राद्ध हा मुळात श्रद्धेचा नव्हे, नियोजनाचा विषय आहे, असं शामकांत ढवळीकरचं ठाम मत होतं. हे मत सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, अल्पशा आजाराने निधन पावलं.

तोवर सगळं यथासांग चाललं होतं. शामकांत एका जहाज कंपनीत टेक्निकल सुपरिटेंडंट होता. भर समुद्रात बंद पडलेली इंजिनं तो घरच्या सोफ्यावरून, फोनवर ओरडून चालू करत असे. अशा माणसाला वडिलांचं एक श्राद्ध ते काय! पुण्याहून आलेल्या आईला त्याने आठवडाभर आधी तक्ताच करून दाखवला होता. नऊला व्हिडिओवर गुरुजी, साडेअकराला तर्पण, बाराला पान बाहेर, बारा पाचला कावळा, बारा दहाला जेवण.

"कावळ्याला कळवलंयस का?" आईने विचारलं.

"आई, हे सिंगापूर आहे. इथे सगळं वेळेवर येतं."

विनीता, म्हणजे शामकांतची बायको, पहाटे उठून वडे, खीर, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक करून नोव्हेनाला हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर गेली. बारा वाजता शामकांतने केळीचं पान बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मांडलं. मांडलं म्हणजे दडवलं! पक्ष्यांना खायला घालू नका अशी पाटी लिफ्टमध्येच होती. म्हणून चोरीचा माल ठेवावा तसं ते पान त्याने शेजारच्या मिसेस टॅनच्या कुंड्यांमागे सरकवलं.

ती बाग मिस्टर टॅननी वाढवलेली. लिंबू, कढीपत्ता, ऑर्किड, आणखी काय काय. मागच्या वर्षी ते वारले. तेव्हापासून मिसेस टॅन झाडांना पाणी घालत, पण कात्री लावत नसत. त्यामुळे कॉरिडॉरचा तो कोपरा आता डोक्यावर न्हावी न फिरलेल्या साधूसारखा दिसायचा.

कावळा आला नाही.

सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. पुण्यात शरदाचं स्वच्छ ऊन पडलं असणार. इथे समुद्रापलीकडच्या जळत्या रानांचा धूर आभाळभर पसरला होता आणि भरदुपारी सूर्य काविळीच्या डोळ्यासारखा दिसत होता. वारा ठार बंद. खालच्या मैदानात एक पोर नाही. मध्येच लिफ्ट वर आली, दार उघडलं, आत कोणी नव्हतं. दार बराच वेळ उघडं राहिलं, जणू कोणीतरी काठी टेकत सावकाश बाहेर पडत होतं. मग बंद झालं.

"आई, तू जेवून घे," शामकांत म्हणाला.

"पान शिवल्याशिवाय?"

"सकाळची शुगरची गोळी घेतलीयस! पोटात काही नाही!"

"तुझे बाबा उपाशी आणि मी वडे खाऊ?"

इथे गाडं अडलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. हाताला बारीक कंप सुटला होता. चौदा वर्षांच्या अश्लेषाने आजीच्या बोटाला सुई टोचून आकडा वाचला. "पप्पा, सेव्हंटी टू. लो होतंय, लाह." वाक्याच्या शेवटचं हे 'लाह' म्हणजे तिला चिकटलेलं सिंगापुरी शेपूट.

शामकांतने तातडीने तांत्रिक उपाय योजला. फोनवर कावळ्याची काव काव लावली आणि स्पीकर कुंडीत ठेवला. लांबलचक कॉरिडॉरमध्ये तो आवाज असा काही घुमला, की कावळ्याला नव्हे, यमालाच आवतण गेलं असावं. कावळा नाहीच आला. मिसेस टॅनचं दार मात्र किलकिलं झालं आणि फटीत एक डोळा दिसला.

"मिस्टर शाम, हू इज डाइंग?"

"नोबडी, आंटी!"

डोळा दोन क्षण तसाच राहिला. दार लागलं.

मग ते यायला लागले. आधी मुंग्या. कुठून आल्या कळलं नाही, पण खिरीकडे अशा शिस्तीत निघाल्या की वाटावं यांनी तक्ता वाचलाय. मागून एक गोगलगाय. मग ऑर्किडमधून एक काळा कोळी उतरला, पानाच्या कडेला थांबला आणि आठही डोळ्यांनी शामकांतकडे बघत राहिला.

"आई, हा शिवला तर चालेल?"

आईने खुर्चीवरून वाकून पाहिलं. "हा? छे! तुझे बाबा असे टक लावून कधी बघायचे नाहीत. चष्मा पुसल्याशिवाय वर्तमानपत्र नाही उघडलं त्यांनी."

"आणि ही गोगलगाय?"

"पहाटे पाचला पर्वती चढणारा माणूस होता तो!"

कोळ्याने एक पाय उचलला, ठेवला आणि पानाखाली गेला. पुन्हा दिसला नाही. तो दिसत होता तेव्हा बरं होतं, असं शामकांतला वाटून गेलं.

"काहीतरी इच्छा राहिलीय रे त्यांची," आई म्हणाली. "बोल तू. शब्द दे."

जगातल्या कुठल्याही बंदरावर कस्टम्सच्या साहेबांशी वाद घालणारा शामकांत केळीच्या पानापुढे उकिडवा बसला. आधी इकडेतिकडे बघून घेतलं.

"बाबा, पुण्याच्या बाथरूमची गळती काढतो."

काही नाही.

"बाबा, यशोधनदादाशी धरलेला अबोला सोडतो. मीच फोन करतो आधी."

काही नाही. आणि मग वारा नसताना लिंबाच्या कुंडीतलं एक पान हललं.

एकच पान. वाळलेलं, तपकिरी, गुंडाळी झालेलं. बाकीचं झाड चित्रातल्यासारखं स्तब्ध. पान थांबलं, पुन्हा हललं. आतून आवाज आला, खर्र, खर्र. लाकडी पेटीत अडकलेल्याने नखाने आतून खरवडावं तसा.

"पप्पा," अश्लेषा कुजबुजली, "देअर इज समवन इनसाइड."

"गप्प बस!" शामकांतने धीराने सांगितलं आणि तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

गुंडाळीचं टोक ओलं झालं. फाटलं. त्यातून काहीतरी लालसर, केसाळ, भिजलेलं बाहेर आलं आणि फांदीला लोंबकळलं. आधी अक्रोडाएवढं होतं. मग मुठीएवढं. कोणी फुंकर मारत असावं तसं ते वाढत होतं! हळूहळू त्याला पंख फुटले आणि पंखांच्या टोकांना दोन सापांची तोंडं आली. डोळ्यांसकट! मिस्टर टॅनच्या लिंबातून दोन साप केळीच्या पानाकडे बघू लागले. अश्लेषाने पुन्हा सुई टोचली. अडुसष्ट.

"खरं मागणं वेगळंच होतं त्यांचं," आई डोळे मिटून म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "पंधरा वर्षांपूर्वी विमानतळावर काय म्हणाला होतास त्यांना? दोन वर्षांत परत येतो म्हणालास."

विनीता गेल्याच आठवड्यात इथल्या कायमच्या वास्तव्याचा फॉर्म भरत बसली होती. पण आईचा हात आता चांगलाच थरथरत होता, आणि सापांचे चार डोळे आपल्यावरच आहेत याची त्याला खात्री होती.

"बाबा," तो एका दमात म्हणाला, "पुढच्या दिवाळीच्या आत पुण्याला परत येतो! कायमचा! आता शिवा!"

फांदी वाकली. ताटाएवढं ते धूड सटकन सुटलं आणि थेट भाताच्या मुदीवर येऊन बसलं. मग पंख पसरून, कोणी हक्काने आरामखुर्चीत बसावं तसं बसलंच.

"आले!" आई म्हणाली. डोळे पुसले, पदर सावरला आणि पहिला वडा मोडला. शामकांतच्या जिवात जीव आला आणि पुढच्याच क्षणी परत गेला, कारण आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं.

तेवढ्यात मिसेस टॅनचं दार सताड उघडलं. त्यांनी भाताच्या मुदीवरचा तो पतंग पाहिला आणि दोन्ही हात जोडले.

"आह सेंग!" त्या म्हणाल्या. "माय हजबंड कम बॅक! फ्रॉम हिज ओन ट्री!"

त्यांच्या चिनी रिवाजात घरात मोठा पतंग आला, की तो गेलेला माणूस असतो. त्याला मारायचं नाही, हाकलायचं नाही.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

"म्हणते, तुमचे यजमान फार रुबाबदार दिसतात."

"व्हॉट युअर मदर से?"

"शी सेज, मिस्टर टॅन लुकिंग व्हेरी हेल्दी, आंटी."

दोन्ही म्हाताऱ्या प्रसन्न झाल्या. दोघी आपापल्या नवऱ्याकडे, म्हणजे एकाच पतंगाकडे, मायेने बघत राहिल्या. मिसेस टॅननी आतून कॉफीचा कप आणून ठेवला. आईने त्याला चटणी सरकवली. आईचा तिसरा वडा चालू होता. आकडा एकशे दहा. हा समझोता असाच टिकला असता, पण अश्लेषा फोन काढून त्याचा फोटो शोधत होती.

"अ‍ॅटलास मॉथ," ती म्हणाली. "ती सापाची तोंडं म्हणजे पंखांवरची नक्षी. मिशा बारीक आहेत ना, सो फीमेल, लाह."

"बाई?" आईचा वडा हातातच राहिला.

"फीमेल?" मिसेस टॅनचा चेहरा पांढरा पडला.

दोघींनी पुन्हा पतंगाकडे पाहिलं. न बोलता, पंख पसरून, सगळ्यांवर नजर ठेवून बसलेला तो जीव.

"सासूबाई!" आई पुटपुटली आणि पदर डोक्यावर घेतला.

"माय मदर-इन-लॉ!" मिसेस टॅन किंचाळल्या आणि दारातल्या चपला भराभर ओळीने लावू लागल्या.

"हे बघ पुढे," अश्लेषाने वाचून दाखवलं. "ह्यांना तोंडच नसतं. आठवडाभर जगतात, काही खात नाहीत, काही बोलत नाहीत."

शामकांतने हे दोन्ही भाषांत, या वेळी प्रामाणिकपणे, सांगितलं. आईने पदर खाली घेतला. मिसेस टॅननी चपला लावायचं थांबवलं.

"तोंड नाही? मग त्या नव्हेत."

"नो माउथ? नॉट हर."

शामकांतच्या मनात आशेचा अंकुर फुटला. तो हळूच आईजवळ सरकला.

"मग आई, बाबाही नव्हतेच ना? म्हणजे मघाशी मी जे बोललो, ते ऐकायला तसं कोणी नव्हतंच."

"मी होते की," आई म्हणाली आणि चौथा वडा घेतला.

विनीताची ड्युटी संध्याकाळी सातला संपते.