आठव्या ऑटोची सवारी

उदाहरण :

एका मुख्याध्यापकांकडे तीस पोरांचा एक वर्ग आहे. त्यांना बाकं ओळीत हवीत, मिनल मॅडमना गोलात. तर पाचवीची बाकं कोणाच्या मनासारखी लागतील?

मुख्याध्यापक देवराव सरांनी हे उदाहरण केंद्रप्रमुखांवर सोपवलं होतं. "साहेब आज येऊन राहिले, मॅडम. त्यायले तुमचं गटागटानं शिकवणं पटलं तं ठीक. नाही तं उद्यापासून बाकं ओळीत अन् पाढे एका सुरात. मंजूर?"

"मंजूर," मिनल म्हणाली. नागपुरातल्या मनीषनगरहून कामठीच्या शाळेत ती रोज स्वतःच्या स्कूटीनं येई. आत्मविश्वास भरपूर, शेअर ऑटोचा अनुभव शून्य.

रीत :

तिनं फळ्यावर लिहिलं, एका ऑटोत तीन प्रवासी बसतात, तर बावीस प्रवाशांना किती ऑटो लागतील? आठ बाकं झाली ऑटो, आठ मुलं ड्रायव्हर, उरलेली सगळी सवाऱ्या, म्हणजे प्रवासी. "तुम्हीच मिळून सोडवा. मी मध्ये बोलणार नाही."

सात बाकं तिघातिघांनी भरली. आठव्यावर एकटी रितिका.

"चाल ना गा," ती ड्रायव्हर विक्कीला म्हणाली.

"एका सवारीवर गाडी निघते काय वं?" विक्की उभा राहिला आणि खऱ्या स्टँडवरच्या आवाजात ओरडला, "चला नागपूर, नागपूर, नागपूर! निघूनच राहिली!"

निघणारी गाडी म्हटल्यावर बाकीच्या ऑटोंमधल्या सवाऱ्या उठल्याच. विक्कीच्या बाकावर सहा, डेस्कवर चार, एक कोणाच्या तरी मांडीवर. त्या रेट्यात मूळची सवारी, रितिका, टोकावरून घसरून थेट फळ्यापाशी गेली.

"माह्या सवाऱ्या काहून पळवून राहिला बे?" अंकुश ड्रायव्हर धावला. "नंबर माहा होता!"

"मी पळवल्या काय? आपल्या पायानं आल्या."

सात ड्रायव्हरांची तातडीची सभा झाली आणि ते दारात आडवे बसले.

"नंबर तोडणाऱ्याचा..."

"धिक्कार असो!"

दाराबाहेर केंद्रप्रमुख साहेब उभे होते. त्यांच्या मागे देवराव सर, चेहऱ्यावर गाढ समाधान.

"हे काय चालू आहे?"

"भागाकार, सर," मिनल म्हणाली. आवाज जराही हलला नाही. मनात मात्र बाकं एकेक करून ओळीत लागत होती.

खाडाखोड :

"पाहा साहेब," देवराव सर म्हणाले, "हे उदाहरण माह्या पद्धतीनं अर्ध्या मिनिटात होते. बावीस भागिले तीन. सात, बाकी एक. झालं!"

"ते बाकी मीच आहो, सर," फळ्यापासून रितिका म्हणाली.

साहेबांनी देवराव सरांकडे पाहिलं. "मग ही घरी कशी जाईल?"

"बाकी... बाकी लिहून ठेवायची असते, साहेब."

"मले लिहून नका ठेवू!" रितिकानं डोळे पुसले. "मले घरी जायचं हाय!"

संप थंडावला. मिनलनं न बोलायचं ठरवलं होतं, ते मोडून तिनं एकच विचारलं, "कोण नेणार हिला?"

अंकुशनं विक्कीकडे बोट केलं. "हा आमच्या सवाऱ्या परत करते तं आम्ही निघतो. अन् हा तिले नेते."

"एकटीले?"

"एकटीलेच. तुह्याच गाडीत बसली होती ना बे पहिले?"

विक्कीनं भरलेल्या बाकाकडे मोठ्या दुःखानं पाहिलं. मग रितिकाकडे. "उतरा गा सगळे. बस वं तू."

आठही बाकं घुरघुरली. निघता निघता वर्ग ओरडला, "आठ!"

"सर," साहेब म्हणाले, "तुम्ही सात म्हणाला होतात ना?"

"बाकीसकट, साहेब."

"ती आत्ताच घरी पोचली. बाकं राहू द्या अशीच. आणि उद्या भागाकाराला तुम्हीही बसा यांच्यात."

ताळा :

दुसऱ्या दिवशी देवराव सर पाचवीत आले. विक्कीच्या बाकावर आधीच तिघं होते.

"इथं जागा नाही," सर आशेनं म्हणाले.

"होते सर, होते," विक्की म्हणाला. "फक्त एक पाय बाहेर ठेवा."