कांद्याची गोणी आणि माझी केमिस्ट्री

बारावीला केमिस्ट्रीत मला एक्क्याण्णव मार्क होते, हे इंदिरानगरात आमच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे! त्यामुळे आमच्या सौंच्या, म्हणजे शुभांगीच्या अंगावर एका गोळीने गांधी उठल्या आणि डॉक्टरांनी फाइलवर ‘सल्फाची ॲलर्जी’ असं लिहिलं, तेव्हा पुढचं सगळं मी हातात घेतलं.

सल्फा म्हणजे सल्फर, सल्फर म्हणजे गंधक! मनुका गेल्या. अंडी गेली. काळं मीठ, शाम्पू, काडेपेट्याही गेल्या. शेवटी कांदा-लसूण गेला.

"अहो, गोळीने झालं ते! कांदा मी जन्मभर खाते आहे!" शुभांगी म्हणाली.

"तू कॉमर्सची," मी म्हणालो.

पुढच्याच रविवारी चांदवडहून पाहुणे यायचे होते. आमच्या सृष्टीचं आणि राजचं आपापसात जमलं होतं, त्याच्या आईवडिलांचा होकार तेवढा बाकी होता. सृष्टी आठवडाभर धड जेवली नव्हती.

कांदा पिकवणारी माणसं कुणाकडे मोकळ्या हाताने जात नाहीत. राजच्या वडिलांनी, जयरामरावांनी, खांद्यावरची गोणी दारात उतरवली. "घरचा उन्हाळ कांदा हाय, भाऊसाहेब. निवडून आणलाय."

"आत नको!" मी दारात आडवा झालो. "त्यात गंधक आहे!"

"फवारणीचं म्हणता?"

"नाही हो, आतच! मुळातच असतं ते!"

"म्हंजी आमचा माल मुळातच खोटा?" जयरामराव लालबुंद झाले.

राजच्या आईने, मालनबाईंनी, पायात चपला सरकवल्या. "चला हो. ज्यांना आपला कांदा चालत नाय, त्यांना आपला पोरगा काय चालायचा!"

सृष्टीचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मात्र मी दारातून बाजूला झालो. पोरीचं लग्न मी मोडलं होतं, तेही उंबऱ्यावर उभं राहून! तेवढ्यात सृष्टी धावत खाली गेली आणि तळमजल्यावरच्या डॉक्टर ताहेराला ओढतच घेऊन आली.

"काका, सल्फा हा औषधांचा एक गट आहे," ताहेरा म्हणाली. "काकूंना ती औषधं चालत नाहीत, हे प्रत्येक डॉक्टरला आठवणीने सांगायचं, बस! कांद्यातलं, मनुकांवरचं, शाम्पूतलं, त्याचा या ॲलर्जीशी संबंध नाही. अहो, गंधक तर तुमच्या अंगातसुद्धा आहे!"

"मग यांना कधी बाहेर काढू?" शुभांगीने विचारलं.

आधी मालनबाई हसल्या. मग जयरामराव एवढे हसले की त्यांना गोणीवरच बसावं लागलं.

"सोयरीक पक्की!" डोळे पुसत ते म्हणाले. "पण एक अट हाय."

मी हात जोडले. "बोला ना."

"लग्नात मांडवाच्या दाराशी दुसरं कुणीतरी उभं करा. तुम्ही असलात तर आमचं वऱ्हाड तिथूनच माघारी जायचं!"

मी ताबडतोब कबूल केलं. मुलीचा बाप आहे, शिवाय शुभांगी माझ्याकडेच बघत होती.